नऊ आणि एकतीस

माझ्या हातातल्या कागदावर नऊ होतं. नर्सबाईंच्या हातातल्या कागदावर एकतीस. दोन्ही कागदांवरचे आठ प्रश्न तेच, आणि दोन्हींवरची उत्तरं एकाच बाईची, म्हणजे माझ्या आईची. मधे अंतर किती, तर रविवार सकाळ ते मंगळवार सकाळ.

"तुमचं काहीतरी चुकलंय," मी नर्सबाईंना म्हणालो.

धारवाडच्या सरकारी कचेरीत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघतं. समोरच्याचा कागद चूक, आपला बरोबर. वाक्य निघून गेलं आणि मग मी माझा कागद खाली घेतला. कारण एकतीस कसे झाले, हे मी स्वतःच्या कानांनी पडद्याआडून ऐकलं होतं.

पण हे नीट सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. अळणावरच्या बाजूला जंगलाकडेच्या एका खेड्यात तिची चाळीस वर्षं चुलीपुढं गेली. ओली लाकडं, हातात फुंकणी, आणि स्वयंपाकघराला खिडकी म्हणून एक वीतभर भोक. वडील गेल्यावर मी तिला नवनगरातल्या आमच्या घरी आणलं, तेव्हा गॅसच्या शेगडीकडं बघून ती म्हणाली होती, "धूर नाही तर भाकरीला चव कुठनं येणार?" भाकरीत धूर किती उतरला होता मला माहीत नाही. तिच्या छातीत मात्र पुरेपूर उतरला होता.

हुबळीच्या डॉक्टरांनी तिला नळीत फुंकायला लावलं आणि फुफ्फुसाचा जुनाट आजार आहे असं सांगितलं. "बिडी, सिगारेट?" त्यांनी रीतीप्रमाणं विचारलं. आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू हा प्रश्न मीच त्यांना शिकवून आणला होता.

"ह्यांना सांग रे, आमच्यात बायका ओढत नाहीत."

"चूल ओढलीय की पण," डॉक्टर म्हणाले. "एकदम पाकिटाच्या हिशोबानं."

मग त्यांनी मला समजावलं. हा आजार जात नाही, पण आवरून धरता येतो. अडचण अशी, की तो एकेक पायरी उतरत खाली जातो. इतका सावकाश, की आजाऱ्याला सवय होते आणि घरच्यांना दिसत नाही. मग एक दिवस झटका येतो. झटक्यात फुफ्फुसाचा जो तुकडा जातो, तो परत मिळत नाही. म्हणून दर आठवड्याला हा कागद भरायचा. आठ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच. शून्य म्हणजे त्रास नाही, पाच म्हणजे फार त्रास. बेरीज चार-पाचनं वाढली की पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा.

कागद! माझ्या अंगात उत्साह संचारला. औषधातलं मला काही कळत नाही, रक्त बघितलं तर मला घेरी येते, पण कागद म्हटला की मी वाघ.

छापील कागद कानडीत होता. मी ठरवलं, आईसाठी मराठीत करू. कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कचेरीतल्या संगणकावर बसून मी त्याचं भाषांतर केलं. "सदर आठवड्यात आपणांस खोकल्याचा उपद्रव कितपत झाला?" असं आठही प्रश्नांचं झालं. रकाने आखले, खाली तारीख आणि सहीला जागा ठेवली. सगळं एका पानात बसवायचं होतं. मूळ कागदाच्या तळाशी एक बारीक ओळ होती, ती काही केल्या बसेना. ती मी काढून टाकली. ती ओळ काय होती ते पुढं सांगतो. आत्ता सांगायची माझी हिंमत नाही.

दर रविवारी सकाळी, उपीट खाता खाता, हॉलमध्ये आमचा कार्यक्रम सुरू झाला. मी चष्मा लावून खुर्चीत. आई समोरच्या दिवाणावर. बायको आतबाहेर करतीये. कॉलेजातली मुलगी मोबाईलवर, पण कान इकडं.

"आपणांस खोकल्याचा उपद्रव..."

"हे कोण बोलतंय?" आई म्हणायची. "नीट विचार की."

"खोकला आला का, आई?"

"येतो जातो. माणसाला खोकला येऊ नये होय?"

"किती लिहू?"

"तुझं तू बघ. तू शिकलेला."

मी एक लिहायचो.

"घरातली कामं करताना दम लागतो?"

तिची नजर एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडं जायची. तिथं सून कढई घासत असायची. "काम कुठं करू देते ही मला? बसून तर असते मी." हे सुनेचं कौतुक होतं. सून आतून म्हणायची, "असं काही नाही हं सासूबाई, तुमच्याशिवाय माझं पान हलत नाही." दोघी हसायच्या. मी शून्य लिहायचो.

"जिना चढताना?"

"नाही बाबा. जिन्याचा काही त्रास नाही."

शून्य.

"झोप?"

"लागते की."

"घराबाहेर जायला भीती वाटते?"

"कुणाची भीती? नवनगरात काय वाघ फिरतात?"

मुलगी खदाखदा हसायची. मीही हसायचो आणि शून्य लिहायचो.

पहिल्या रविवारी बेरीज चौदा आली. श्रावण चालू होता. पुढच्या खेपेला बारा. मग बारा, अकरा. बेरीज उतरली की मी "शाब्बास आई!" म्हणायचो, आणि आई दिवाणावरून विचारायची, "पास का?" चार यत्ता शिकलेली बाई. पास म्हटल्यावर तिचं तोंड फुलायचं. एका रविवारी चुकून तेरा झाले, तर म्हणे माझं तोंड उतरलं. मला तर आठवतही नाही. तिला आठवतं. तिनं लगेच म्हटलं होतं, "थांब थांब, खोकल्याचं ते एक कमी कर. तो पावसाचा खोकला होता." मी एक कमी केला. अठ्ठावीस वर्षांत मी एकाही अर्जदाराला अशी खाडाखोड करू दिलेली नाही.

मी आलेख काढला. फ्रिजवर लावला. उतरती रेघ. घरच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला, आणि बेळगावच्या बहिणीनं लिहिलं, "दादा, तू डॉक्टरच व्हायला हवा होतास." ह्या वाक्यावर मी चार दिवस काढले.

त्या दिवसांत मला काय काय दिसलं होतं, ते आता एकेक आठवतं. गच्चीवर वाळत घातलेले सांडगे बघायला आई जायची बंद झाली होती. मला वाटलं, सांडग्यांतलं मन उडालं असेल. फोनवर नातेवाइकांशी तासभर बोलणारी बाई आता "बरं, ठेवते" म्हणून दोन मिनिटांत ठेवायची. मला वाटलं, वयानं शहाणपण येतं. न्हाणीघरात तिचा नळ वाहतच असायचा. त्यावरून तर मी तिला टोकलंसुद्धा. "आई, इथं पाणी आठवड्यातनं किती दिवस येतं ठाऊक आहे ना?" ती म्हणाली, "हो रे, विसरले."

दिवाळीनंतरच्या त्या मंगळवारी तपासणीची तारीख होती. मी फाईल सजवली. सगळे रविवार क्रमानं, वर आलेख, त्याच्याही वर परवाचं नऊ. दवाखान्यात आईला गाडीतून उतरवलं आणि "तू ये सावकाश, मी नंबर लावतो" म्हणून पुढं गेलो. आता कळतं, गेले कित्येक महिने ती मला कायम पुढंच पाठवत होती.

नर्सबाई पंचेचाळिशीच्या असतील. आम्हां दोघांना बघून त्यांनी टेबलावरचा कोरा छापील कागद ओढला.

"भरून आणलाय री," मी फाईल पुढं केली.

त्यांनी फाईल बघितली, आलेख बघितला, नऊवर बोट ठेवलं, आईकडं बघितलं. आई धाप लपवायला ओठ मिटून बसली होती. मला ते तेव्हा हसू वाटलं होतं.

"सर, नीवु होरग कूड्री," त्या म्हणाल्या. तुम्ही बाहेर बसा.

"पण मी मुलगा आहे त्यांचा."

"म्हणूनच."

मी पडद्याबाहेर बाकावर बसलो. हिरवा पडदा, जमिनीपासून वीतभर वर. खालून आईची पावलं दिसत होती. घोट्यापाशी सुजलेली. ही सूज कधी आली?

"अज्जी," नर्सबाईंनी कानडीत विचारलं, "खोकला कसा आहे? खरं सांगा, इथं कुणी नाही."

 मग आईचा आवाज आला, कानडीत. "एन हेळ्ली तंगी." काय सांगू गं बहिणी.

आणि ती सांगत सुटली.

आमच्या घरात मराठी. मराठीत आईनं कधी तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही. सासूबद्दल नाही, वडिलांबद्दल नाही, माझ्याबद्दल नाही. पण बाजारात, बसच्या कंडक्टरशी, भाजीवालीशी ती कानडी बोलायची, आणि त्या भाषेत ती भांडायची, रडायची, रागवायची, भाव पाडायची. मला हे लहानपणापासून माहीत होतं. माहीत असूनही मी मूळ कानडी कागद बाजूला ठेवून तिला मराठीत विचारत बसलो होतो, सुनेसमोर, नातीसमोर, उपीट खाता खाता.

पडद्याआडून जे आलं ते असं. खोकला पहाटेपासून. घरचे उठू नयेत म्हणून ती नळ सोडते. अंघोळीला स्टूल घेते, तरी चार वेळा थांबावं लागतं. केस पंधरा दिवसांतून एकदा धुते, कारण हात डोक्यावर धरले की श्वास संपतो. साडी नेसायला अर्धा तास लागतो, म्हणून सगळ्यांच्या आधी उठून बसते. आडवं होता येत नाही, भिंतीला उशी लावून बसूनच झोपते.

"आणि जिना, अज्जी?"

"गणपतीनंतर चढलेच नाही गं. खालीच असते. मग दम कशाला लागेल?"

बाकावर बसल्या बसल्या मला तिचं रविवारचं उत्तर आठवलं. जिन्याचा काही त्रास नाही. तिनं खोटं सांगितलंच नव्हतं.

"मुलाला का नाही सांगितलं?"

"तो रविवारी कागद घेऊन बसतो. बेरीज कमी आली की शाब्बास म्हणतो. वाढली की त्याचं तोंड एवढंसं होतं. कचेरीतनं दमून येतो गं तो. आणि सून पोरीसारखं करते माझं. तिच्यासमोर काम होत नाही म्हटलं, तर तिला वाटायचं, म्हातारी कामाचं गाऱ्हाणं सांगतीये."

मग एकतीस. मग माझं ते वाक्य, "तुमचं काहीतरी चुकलंय."  नर्सबाईंनी छापील कागद माझ्याकडं फिरवला आणि तळाच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. मी भाषांतरात गाळलेली ओळ. कानडीत लिहिलं होतं: आजारी व्यक्तीनं हा कागद स्वतः, एकट्यानं भरावा.

ती ओळ माझ्या पानात बसत नव्हती.

डॉक्टरांनी आईच्या बोटाला चिमटा लावून तिला कॉरिडॉरमध्ये चालायला सांगितलं. माझी आई डोक्यावर मोळी घेऊन जंगलातून दोन मैल येणारी बाई. ती तिसऱ्या खांबापाशी थांबली आणि खांबाला धरून उभी राहिली. तिचे ओठ जांभळट दिसत होते. मी तिच्याबरोबर त्याच घरात राहत होतो.

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते दोन्ही कागद शेजारी ठेवून शांतपणे म्हणाले, "जिन्याच्या प्रश्नाला शून्य दोन तऱ्हांनी येतं. फुफ्फुस चांगलं असलं तर, नाहीतर जिनाच सोडला असला तर. तुम्ही 'जिना शेवटचा कधी चढलात?' असं विचारलंत का?"

"नाही."

"चार दिवस ठेवून घेऊ. आणखी थोडे दिवस उशीर झाला असता तर..." ते औषधं लिहायला लागले.

संध्याकाळी बायको डबा घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं. तिनं डबा बाकावर ठेवला.

"नळाचं मला माहीत होतं," ती म्हणाली. "बसून झोपतात तेही माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, तुम्ही दर रविवारी विचारत होता ना! मला वाटलं, सगळं कागदात येतंय."

 घरात कागद नसता, तर तिनं मला नक्की सांगितलं असतं. मीही कदाचित डोळे उघडून बघितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचे कपडे न्यायला घरी आलो, तर फाटकाशी भाजीवाली टोपली उतरवून उभी. "अम्मा कुठं गेल्या?" तिनं कानडीत विचारलं. दवाखान्यात म्हटल्यावर तिनं कपाळाला हात लावून देवाचं नाव घेतलं. "बरं झालं बाई! गणपतीपासून सांगतीये मी त्यांना, मुलाला सांगा, मुलाला सांगा. छाती कशी वाजते त्यांची! मला इथनं ऐकू येतं." तिनं मेथीची जुडी माझ्या हातात ठेवली आणि वर म्हणाली, "तुम्हाला घरात ऐकू आलं नाही?"

फ्रिजवरचा आलेख मी त्याच दिवशी काढला. मुलगी बघत होती. तिची ती नजर मला बहिणीच्या त्या कौतुकापेक्षा जास्त दिवस पुरली.

आई चौथ्या दिवशी नाही, सहाव्या दिवशी घरी आली. रात्री लावायचं ऑक्सिजनचं यंत्र आलं, नवी औषधं आली. पुढच्या रविवारी मी मोठ्या पश्चात्तापानं तिच्यापुढं बसलो आणि प्रश्न कानडीत विचारायला सुरुवात केली. पहिल्याच प्रश्नाला ती तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"तू कानडी बोलतोस तेव्हा कचेरीतला साहेब वाटतोस. आण इकडं तो कागद."

मी छापील कागद दिला.

"हा होता होय तुझ्याकडं? कानडीतला?" तिनं डोळे बारीक करून पहिली ओळ बोटानं वाचली. अडखळत, पण वाचली. चार यत्ता ती कानडी शाळेतच शिकली होती. तेही मला माहीत होतं. "मग एवढे दिवस ते सदर आणि आपणांस कशाला ऐकवलंस?"

मी पेन्सिल तिच्यापुढं ठेवली.

"जा आता बाहेर. आणि हिलाही घेऊन जा." ही म्हणजे सून. आम्ही दोघं गच्चीवर जाऊन उभे राहिलो, परीक्षेच्या हॉलबाहेर पालक उभे राहतात तसे. वीस मिनिटांनी खालून हाक आली. पेन्सिलीनं, मोठमोठ्या आकड्यांत, बेरीज तिनंच केली होती. बावीस.

"तोंड सांभाळ," ती म्हणाली.

मी सांभाळलं. तेव्हापासून तसंच चाललंय. बावीस, एकवीस, एकवीस, बावीस. मी शाब्बास म्हणत नाही, पास म्हणत नाही, कागद घेतो आणि फाईलला लावतो. आलेख काढत नाही. आकडा कितीही आला तरी उपिटाचा पुढचा घास घ्यायचा, हे मी आरशासमोर शिकलो आहे. बायको म्हणते, घास तोंडात तसाच राहतो.

गेल्या रविवारी आईनं कागद उपिटाच्या ताटलीशेजारी ठेवला आणि स्वयंपाकघराकडं न बघता, सगळ्यांसमोर, मराठीत म्हणाली, "ह्या वेळेला वाढलाय बघ."

सत्तावीस.

चुकलं असेल, हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. खरं सांगतो, अगदी दातांपाशी होते. मी ते गिळले आणि मोबाईल उचलला. दवाखान्याचा नंबर लावला.

"उपीट खाऊन घे आधी," आई म्हणाली. "गार होतंय."

"आधी फोन."

पलीकडं घंटी वाजत होती. आई उठली, भिंतीला धरून सावकाश न्हाणीघरात गेली. दार तिनं उघडंच ठेवलं. आणि मग तिचा खोकला आला, लांब, ओला, घरभर. नळ बंद होता. फोनवर कुणीतरी "हॅलो" म्हटलं आणि मी सांगायला लागलो.